डाळिंबाची बाग ताणावर सोडण्याआधी आणि नंतर: थंडीत तेल्या, मर आणि खोडकिडीचा बंदोबस्त

नोव्हेंबर उजाडला की सांगोला, आटपाडी, मंगळवेढ्याकडे आणि तिकडे सटाणा-मालेगाव पट्ट्यात आंबे बहाराच्या, म्हणजे जानेवारीत पाणी देऊन धरायच्या बहाराच्या, डाळिंब बागा निवांत दिसू लागतात. फळ उतरून दोन-तीन महिने झालेले असतात, पाणी तोडायचा, म्हणजे भरपूर फूल यावे म्हणून झाडाला ताण द्यायचा, विचार चालू असतो, पंप शेडमध्ये झाकून ठेवलेला असतो. पण पुढच्या हंगामाचा रोग तेव्हाही बागेतच मुक्कामाला असतो: काडीवरच्या काळ्या खाचेत, आळ्यातल्या पाचोळ्यात, खोडाच्या छिद्रात आणि मुळांवरच्या गाठीत. या चार जागा साफ करायला वर्षात एवढाच काळ मिळतो. जानेवारीत फूट आली की काडी दिसत नाही आणि पाऊस लागल्यावर तेल्याच्या, म्हणजे जिवाणूच्या डागांच्या रोगाच्या, मागे धावण्यात पैसा जातो, फळ वाचत नाही.

कामे बहुतेक बागायतदारांना माहीत असतात. चुकतो तो क्रम. आधी ताण आणि मग साफसफाई असे केले की घोळ होतो, कारण ताणलेल्या झाडावरच खोडकिडीचे भुंगेरे चढतात आणि आळवणीसारखी (मुळांशी औषधाचे द्रावण ओतण्याची) कामे कोरड्या आळ्यात करता येत नाहीत. म्हणून खालची कामे पाणी तोडण्याआधीची आणि पानगळीनंतरची अशी दोन भागांत लावली आहेत.

तारखा उलट्या मोजा

पहिले पाणी 15 जानेवारीला सोडायचे असे धरू. हलक्या, मुरमाड जमिनीत ताणाला 30 ते 35 दिवस पुरतात, भारी जमिनीत 40 ते 45 दिवस लागतात. म्हणजे भारी रानात पाणी नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या पहिल्या चार दिवसांत तोडावे लागते, मुरमाड रानात 10 डिसेंबरच्या आसपास. इथ्रेलची, म्हणजे पाने पाडणाऱ्या औषधाची, फवारणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. त्यामुळे बाग पाहणी, रोगट छाटणी आणि आळवणी ही कामे ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर या दिवसांत बसवावी लागतात. पावसाळ्यात फळ उतरल्यावर पहिली छाटणी झाली असेल तर उत्तमच, पण ती झाली म्हणून ही पाहणी टाळू नका.

फळ उतरल्यापासून ताणापर्यंत तीन महिने विश्रांती मिळायला हवी. या काळात झाड उपाशी ठेवू नये. बहार संपला म्हणून खत-पाणी बंद करणारे पुढे तेल्याची तक्रार जास्त करतात, कारण काडीत अन्नाचा साठाच नसतो.

प्रत्येक झाड बघायचे

14 बाय 10 फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे 300 झाडे बसतात. दोघांनी निम्म्या-निम्म्या ओळी घेतल्या तर दोन सकाळींत सगळी बघून होतात. सोबत तीन रंगांच्या चिंध्या घ्या: एक रंग तेल्याच्या खुणा असलेल्या झाडाला, दुसरा खोडाला छिद्रे असलेल्याला, तिसरा पिवळ्या पडणाऱ्या किंवा एका बाजूने वाळणाऱ्या झाडाला.

तेल्या फळावर ओळखणे सोपे: तेलकट काळा डाग आणि त्यावर इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखी भेग. काडीवर तो लपतो. पेऱ्याजवळ गडद तपकिरी ते काळा, किंचित खोलगट पट्टा दिसतो. तो काडीभोवती फिरला की काडी त्याच पेऱ्यावर वाकवताच कट्कन मोडते, निरोगी काडी मात्र लवते. संशय आला तर अशी एक काडी मोडून बघा. या पट्ट्यात जिवाणू कोरडा हंगाम काढतो आणि पहिल्या वळवाच्या शिंतोड्याबरोबर नव्या फुटीवर पोहोचतो. गळालेल्या पानांतही तो चार महिने तग धरतो, म्हणून पाचोळ्याचा हिशेब पुढे वेगळा येईल.

खोड बघताना गुडघ्यावर बसायला आळस करू नका. खोडकिडीचे, म्हणजे शॉट होल बोररचे छिद्र टाचणीच्या डोक्याएवढे असते आणि बहुतेक वेळा जमिनीपासून फूट-दीड फुटाच्या आत असते. ताज्या छिद्रातून पांढरट भुसा बाहेर येतो, कधी काडीसारखी भुश्याची वळी लोंबते. भुसा ओला, पांढरा असेल तर कीड आत चालू आहे. करडा, वाळका असेल तर जुनी खूण. भुंगेरा अवघा दोनेक मिलिमीटरचा असतो. तो लाकूड खात नाही. बोगद्यात बुरशी वाढवतो आणि त्यावर पिल्ले पोसतो. झाडाची अन्न-पाण्याची वाट त्या बुरशीने तुंबते, त्यातून झाड वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशीही आत शिरू शकते. म्हणून खोडकीड आणि मर ही दोन दुखणी एकत्र बघावी लागतात.

साल खाणारी अळी वेगळी. ती फांद्यांच्या बेचक्यात जाळीदार, विष्ठेने मळलेली पट्टी विणते आणि आत बोगदा करते. जाळी ब्रशने काढा, बोगद्यात तार घालून अळी मारा, पेट्रोलचा बोळा आत सारा आणि चिखलाने तोंड लिंपा. जुन्या पुस्तिकांत इथे डायक्लोरव्हॉस लिहिलेले आढळते. ते औषध 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. आळ्यात टाकायचे फोरेटही त्याच तारखेला बंद झाले. कुणी जुन्या साठ्यातला डबा देऊ केला तर घेऊ नका.

मर: आधी खात्री, मग कुऱ्हाड

पिवळे पडणारे प्रत्येक झाड मरचे नसते. पाणी साचले, सूत्रकृमी (मुळांतले बारीक जंत) झाली किंवा खोडकिडीने पोखरले तरी पाने पिवळी पडतात. खात्री करायला बुंध्याजवळची एक बाधित फांदी आडवी कापा. लाकडात करडा-काळपट पट्टा किंवा चांदणीसारखा फाकलेला डाग दिसला तर सेराटोसिस्टिस बुरशीची मर. लाकूड स्वच्छ पांढरट-पिवळे असेल तर मुळे उकरा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. दोन्ही एकत्रही असतात, कारण सूत्रकृमीने केलेल्या जखमेतून बुरशीला वाट मिळते.

पूर्ण वाळलेले झाड तसेच उभे ठेवू नये. मुळांसकट काढा आणि खड्ड्याशेजारीच जाळा. ते ओढत बागेतून नेले तर मुळांची माती ओळभर सांडते. मुळे हलवावीच लागली तर पोत्यात भरूनच हलवा. त्या जागचा ड्रिपर बंद करा, कुदळ-फावडे धुऊन मगच पुढच्या ओळीत जा. आजारी आणि निरोगी झाडांमध्ये तीन-चार फूट खोल चर काढला तर मुळांमार्फत होणारा प्रसार अडतो.

अर्धवट बाधित झाड आणि त्याच्या चारी बाजूंची दोन-दोन झाडे यांना आळवणी करा: प्रोपिकोनॅझोल 25 ईसी 2 मि.लि. प्रति लिटर, प्रति झाड 8 ते 10 लिटर द्रावण, 20 दिवसांच्या अंतराने तीन वेळा. आदल्या दिवशी थोडे पाणी देऊन आळे ओले असले पाहिजे. कोरड्या मातीत द्रावण भेगांतून खाली जाते आणि मुळांच्या पांढऱ्या जाळ्याला मिळतच नाही. अनेक शिफारशींत यासोबत क्लोरपायरिफॉस 20 ईसी 2 मि.लि. असते. निर्यातीचा माल करायचा असेल तर ते टाळा. युरोपने त्याच्या अंशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रति किलोवर आणली आहे.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. तीन आळवण्यांना चाळीसेक दिवस जातात आणि ते संपेपर्यंत ताणाची तारीख येते. म्हणून चिंधी बांधलेली मरची झाडे या बहाराला धरूच नका. बागेचे पाणी तुटले तरी त्यांना बादलीने पाणी द्या, इथ्रेल मारू नका. पंधरा-वीस झाडांचे उत्पन्न सोडायला मन तयार होत नाही हे खरे, पण ताण दिलेले मरचे झाड फूट न काढताच वाळते आणि शेजारच्यांना घेऊन जाते.

सूत्रकृमीसाठी निंबोळी पेंड 1 ते 2 किलो प्रति झाड आणि ओळींमध्ये आफ्रिकन झेंडू. झेंडू तोडणीपुरता ठेवून उपटू नये. चार-पाच महिने त्याची मुळे जमिनीत राहिली तरच फरक पडतो. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर 1 किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर ठेवून सावलीत गोणपाटाखाली 10 ते 15 दिवस वाढू द्या, मग आळ्यात द्या. प्रोपिकोनॅझोलची शेवटची आळवणी आणि ट्रायकोडर्मा यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर हवे. एका हाताने बुरशीनाशक आणि दुसऱ्या हाताने बुरशी ओतण्यात अर्थ नाही.

छाटणी: निरोगी आधी, आजारी शेवटी

दिवसाची सुरुवात बिनचिंधीच्या झाडांपासून करा. तेल्याची खूण असलेली झाडे संध्याकाळी, शेवटी. डागाच्या खाली दोन इंच निरोगी लाकूड घेऊन काप घ्या. आत सरळ वाढलेले पाणसोट, बुंध्याचे फुटवे, झाडावर वाळून काळी पडलेली फळे, सगळे काढा. गड्याजवळ दोन सिकेटर (छाटणीच्या कात्र्या) असावेत. एक हातात, एक सोडियम हायपोक्लोराइटच्या 1 टक्का द्रावणात, आणि दर झाडाला अदलाबदल. बाटलीवर 5 टक्के लिहिलेले असेल तर 1 लिटरात 4 लिटर पाणी. हे द्रावण लोखंड खाते, म्हणून संध्याकाळी सिकेटर धुऊन तेल लावा. बोटापेक्षा जाड कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची, प्रमाण पुढे आहे) लावायची.

आता छाटलेल्या काड्यांचे काय? बहुतेक बागांत त्या कुंपणाला लावलेल्या असतात, जनावर आत येऊ नये म्हणून. त्यासारखे नुकसान दुसरे नाही. तेल्याचा जिवाणू त्या काड्यांतच असतो आणि खोडकीड अर्धवट वाळलेल्या जाड फांद्यांतून बाहेर पडून पुन्हा बागेत येते. छाटणीचा ढीग त्याच दिवशी बागेबाहेर नेऊन जाळा. बांधावरचा एरंडही काढा, या भुंगेऱ्याला तो फार आवडतो.

बोर्डो मिश्रण, नीट

विश्रांतीतले हे मुख्य औषध, आणि सर्वांत जास्त बिघडते ते हेच. 1 टक्का म्हणजे 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. पाने नसलेल्या किंवा कमी पानांच्या झाडाला लिटरभर धरला तर एकरी 300 लिटरच्या आसपास लागते, म्हणजे तिन्हींची तिप्पट.

रात्री मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या ड्रममधल्या 50 लिटर पाण्यात वरच्या बाजूला लोंबकळत ठेवा. तळाला टाकलेला मोरचूद विरघळायला फार वेळ घेतो. चुना दुसऱ्या प्लास्टिक ड्रममध्ये थोड्या पाण्याने आधी विरवा, तो उकळून थंड झाला की 50 लिटर करा आणि गोणपाटाने गाळा. मग तिसऱ्या ड्रममध्ये दोन्ही धारा एकाच वेळी सोडा आणि काठीने ढवळत राहा. तिसरा ड्रम नसेल तर मोरचुदाचे पाणी चुन्यात हळूहळू ओता. उलटे करू नका, चोथा जाड होतो आणि नोझल तुंबते. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे कुठेही नको.

रंग आकाशी आला म्हणून मिश्रण झाले असे नाही. स्वच्छ घासलेल्या विळ्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पुन्हा बघा. पाते जसेच्या तसे निघाले की फवारा. मोकळ्या तांब्याने कोवळी साल करपते आणि लोक म्हणतात बोर्डोने झाड जळाले. दोष बहुधा चुन्याचा असतो. जुना, हवेत विरून पीठ झालेला चुना किलोभर घातला तरी किलोचे काम करत नाही. खडे असलेला, पाणी टाकताच चुरचुरणारा चुना घ्या. मिश्रण त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवले की त्याचे कण मोठे होतात आणि चिकटून बसण्याची ताकद जाते.

पेस्टसाठी तेच प्रमाण 10 लिटर पाण्यात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना.

छाटणीनंतर 24 तासांच्या आत एक फवारणी. हवा कोरडी असेल तर महिन्याने दुसरी. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला तर वाट न बघता पाने वाळताच फवारा. पावसाने ताणही मोडतो, तो दिवसांनी मोजत बसू नका. झाडाचे शेंडे आणि पानांचा रंग बघून पहिले पाणी पुढे ढकला. या दिवसांत अँटिबायोटिकवर पैसे घालवू नयेत असे आमचे मत आहे. जिवाणू कोरड्या काडीच्या आत सुस्त पडलेला असताना वरून मारलेले औषध त्याला गाठत नाही, जिवाणूला त्या औषधाची सवय मात्र लागते.

खोडाला पेस्ट, दोनदा

खोडकिडीसाठी 10 लिटर पाण्यात 4 किलो गेरू रात्री भिजवा. सकाळी त्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम आणि इमामेक्टिन बेन्झोएट 5 एसजी 20 ग्रॅम मिसळा. खोडावरची सुटी साल, पाचोळा काढून जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावा. तीन-चार खोडांच्या झाडाला पाव ते अर्धा लिटर जातो. बुंध्याभोवतीची माती चार बोटे उकरून तिथेही लावा, कारण मातीच्या पातळीवरचे छिद्र सगळ्यांच्या नजरेतून सुटते. खोडांच्या मधल्या आतल्या बाजूला ब्रश जात नाही, तिथे जुनी फडकी काठीला बांधून वापरा.

पहिला हात पाणी तोडायच्या आठवडाभर आधी. दुसरा पानगळीनंतर, पहिल्या पाण्याआधी. पावसाने धुतली तर मधे आणखी एक. ताण जास्त ओढू नका हेही याच संदर्भात. फांद्या सुरकुतू लागेपर्यंत ताणलेल्या झाडाचा वास भुंगेऱ्याला लांबून येतो. फूल भरपूर येईल या आशेने 60 दिवस पाणी तोडणाऱ्या मुरमाड रानात खोडकीड आधी पोहोचते.

पानगळ आणि आळ्याची सफाई

ताणाने पाने पिवळी पडली असतील तर इथ्रेल 39 टक्के 1 ते 1.5 मि.लि. प्रति लिटर पुरते. पाने हिरवी असतील तर 2 ते 2.5 मि.लि. सोबत 18:46 किंवा 0:52:34 या खतांपैकी एक 5 ग्रॅम प्रति लिटर. इथ्रेल आम्ल पाण्यातच टिकते. बोर्डो किंवा चुन्याच्या अंशाबरोबर ते पंपातच फुटते आणि पानगळ होत नाही. म्हणून बोर्डो मारलेली टाकी आधी खळखळून धुवा. डोस वाढवून एकदम पाने पाडण्याचा मोह आवरा. जास्त इथ्रेलने शेंडे मरतात, डोळे फुटत नाहीत. आठवड्यात ऐंशी टक्के पाने गळाली तर काम झाले. राहिलेली झटकून पाडता येतात.

पाने पडली की ती आळ्यात मिसळायची नाहीत. एरवी पाचोळा खत म्हणून चांगला, पण तेल्या असलेल्या बागेत तो झाडून, गोणीत भरून बाहेर नेऊन जाळायचा. लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) खाली अडकलेली पानेही. मग काडीचे शेंडे चार ते सहा इंच छाटा, छाटण उचला आणि आळे व ओळींमधल्या जमिनीवर ब्लीचिंग पावडरचे द्रावण फवारा: 33 टक्के क्लोरीनची पावडर एकरी 10 किलो, 400 लिटर पाण्यात. पिशवी उघडताच नाकाला झोंबली नाही तर ती पावडर मेली आहे, बदलून घ्या. द्रावण निवळून वरचे पाणी घ्या, नाहीतर गाळाने पंप बसतो. मास्क, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. यात आम्ल, युरिया किंवा अमोनियाचे खत कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. शेणखत आणि ट्रायकोडर्मा यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. त्याच दिवशी दिले तर त्यातले उपयोगी जीव मरतात. शेणखत आधी देऊन झाले असेल तर ब्लीचिंग आळ्यात न घालता फक्त ओळींमध्ये करा.

त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उघड्या काडीवर 1 टक्का बोर्डो. वर्षातली सर्वांत परिणामकारक फवारणी ही, कारण काडी चारी बाजूंनी उघडी असते. नोझल काडीच्या खालून वर धरा. कळ्या फुगू लागल्यावर 1 टक्का नको, अर्ध्या टक्क्यावर या किंवा कॉपर हायड्रॉक्साइड 2 ग्रॅम प्रति लिटर घ्या.

मृग बहाराच्या बागा

ज्यांचा मृग बहार, म्हणजे जूनच्या पावसावर धरलेला बहार, आहे त्यांची फळे थंडीतच उतरतात. तिथे आता ताणाची घाई नाही. तोडणी संपताच रोगट छाटणी, बोर्डो आणि खोडाची पेस्ट उरका, पाणी कमी पण चालू ठेवा. फेब्रुवारीपासून ऊन तापू लागले की खोडकिडीसाठी दर पंधरवड्याला खोडे बघा. पुढच्या मृगात पाऊस आणि फूल एकत्र येणार असल्याने या बागांत तेल्याची एकही खूण असलेली काडी ठेवणे परवडत नाही. भगवा वाण असेल आणि सलग दोन वर्षे तेल्याने माल गेला असेल तर पाण्याची सोय बघून आंबे बहाराकडे वळणे हा औषधापेक्षा स्वस्त उपाय ठरतो. त्या बहारात फूट आणि सेटिंग (फळ धरणे) कोरड्या हवेत होते. पाणी मात्र मेअखेरपर्यंत पुरले पाहिजे.

पहिल्या पाण्यानंतर

पहिले पाणी हलके, दुसरे तीन-चार दिवसांनी. एकदम भरपूर पाणी दिले तर ताणलेली पांढरी मुळे कुजतात आणि मरला आमंत्रण मिळते. दहा-बारा दिवसांत डोळे लाल होऊन फुटू लागतात. त्या वेळी पांढऱ्या कागदावर कोवळा शेंडा झटकून बघा. जिऱ्यापेक्षा बारीक, पिवळसर किंवा काळे, पळणारे ठिपके दिसले तर फुलकिडे आले. निळे चिकट सापळे कळी दिसायच्या आधीच लावून ठेवा, झाडाच्या उंचीला. आणि चिंध्या बांधलेल्या झाडांची फूट बाकीच्यांबरोबर निघते की मागे राहते ते टिपून ठेवा. ज्याचे डोळे पंचवीस दिवसांनीही बंद आहेत त्याचे खोड पुन्हा, मातीच्या खाली चार बोटे उकरून, बघायचे.